हौशी गडी

ताटातलं उकडलेलं अंडं कानिफनाथने उचललं, बोटांत फिरवलं आणि परत ठेवून दिलं.

समोर बसलेला भीमा हसला. "आरं, त्याचं काय पिल्लू हून पळनार न्हाई. खा की."

"भूक न्हाई."

"भूक न्हाई? सकाळपासून मैदानाला वीस चकरा मारल्यास तू. बोरुडे सरांनी बगितलं ना, तर दोन अंडी कोंबतील तोंडात."

कानिफने दूध तेवढं घटाघट पिऊन टाकलं. दुधाचा स्वाद तोंडात राहिला तसा तो अधिकच बेचैन झाला. घरी, पाथर्डीपलीकडच्या डोंगराखाली, आई आणि चांगुणा रेशनवर मिळणाऱ्या परदेशी लाल मिलो ज्वारीची भाकरी पाण्याबरोबर गिळत असतील. त्या भाकरीला उग्र वास यायचा. आणि इथे नगरच्या कॉलेजच्या वसतिगृहात त्याच्यासाठी अंडी, केळी, दूध, तुपाचं बोट लावलेली चपाती. का, तर तो कबड्डीचा गडी होता म्हणून.

साल त्र्याहत्तरचं. सलग दुसरं की तिसरं वर्ष कोरडं गेलं होतं, विहिरींचे तळ दिसत होते. कानिफचा बाप सहादेव दोन बैल घेऊन गुरांच्या छावणीवर जाऊन बसला होता. बैल जगले तर पुढचं साल, एवढंच त्याचं गणित. मागे राहिली आई साळूबाई, धाकटी बहीण चांगुणा आणि कानिफ. गावाजवळ पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं तेव्हा तिघांनी नावं घातली. कॉलेज बुडवून कानिफ माती उचलायला लागला. महिनाभर उचलली. मग एक दिवस बोरुडे सर एस.टी.ने, पुढे पायी, धुरळ्यात माखून कामावर आले.

बोरुडे सर कॉलेजचे क्रीडाशिक्षक. ढेरी सुटलेली, आवाज मात्र शिट्टीसारखा. मातीच्या ढिगावर उभे राहून ते म्हणाले होते, "कानिफ, तुझ्यावाचून संघ कसला? दुष्काळ निधीसाठी सामने भरवतोय आपण. आठ कॉलेजं येणार. विद्यापीठाची माणसं गडी निवडायला येणार. तुझं नाव पहिलं लागेल, लिहून घे माझ्याकडून."

कानिफने आईकडे पाहिलं होतं. साळूबाई म्हणाली, "जा. तुझं पाय इथं बी मातीत ठरत न्हाईत." ते खरंच होतं. माती टाकून परतताना रिकामं घमेलं घेऊन तो उगाच बाजूला झेप घ्यायचा, कुणाला तरी हुलकावणी दिल्यासारखा. बायका हसायच्या. लहानपणापासून त्याला ती खोडच होती. ओठांवर दम धरून मध्यरेषा ओलांडली, की समोरचे सात गडी, त्यांचे हात, त्यांचे डोळे, सगळं त्याला एका जागी थिजल्यासारखं दिसे. त्या तेवढ्या वेळात त्याला कशाचीच आठवण नसे. भुकेचीही नाही. ती रेषा ओलांडायला तो कुठूनही आला असता.

म्हणून तो आला. आणि आल्यापासून अंडं घशाखाली उतरत नव्हतं.

रविवारचे सामने तीन दिवसांवर आले तेव्हा दुपारी फाटकावरच्या शिपायाने निरोप आणला, "तुझी बहीण आलीया."

चांगुणा कडुनिंबाखाली उभी होती. सोळा-सतराची पोर, पण उन्हाने आणि धुरळ्याने तिचा चेहरा बाईमाणसासारखा दिसत होता. जीपच्या टपावर बसलेल्या माणसांचे पाय तोंडाशी सोसत, पायदानावर उभी राहून आली होती. तिने पाणी मागितलं नाही. ती मैदानाकडे बघत होती. तिथे टँकर उभा होता आणि एक माणूस नळी धरून मातीवर पाणी मारत होता. माती घट्ट बसावी, गड्यांचे गुडघे सोलू नयेत म्हणून.

"दादा, ह्ये पानी कशाला वततेत?"

"मैदानाला."

"मैदान पितं व्हय?" ती म्हणाली. चेष्टा नव्हती त्यात. तिला खरंच उमगत नव्हतं.

"चांगू, काय झालं ते सांग."

मग तिने सांगितलं. तलावाच्या भिंतीला लागणारी खडी फोडायला आईला बसवलं होतं. हातोडा बसला तशी दगडाची कपरी उडून डाव्या डोळ्यात गेली. कामावरच्या नर्सबाईने पट्टी बांधली आणि सांगितलं, नगरला डोळ्याच्या डॉक्टरकडं न्या, मग महिनाभर उन्हात बसू देऊ नका. आई ऐकेना. रोज बुडला तर चूल बुडली, म्हणाली. एका डोळ्याने हातोडा मारतेय. कालपासून दुसऱ्या डोळ्यातूनही पाणी गळतंय.

"मी एकली किती फोडू?" चांगुणा म्हणाली. "तुझ्या जागंवर दुसरा गडी घेतला मुकादमानं. तू आला तरी आता जागा न्हाई."

कानिफ उभ्या जागी पाय बदलत राहिला. फाटकाबाहेर मांडव घालून तिकिटांची खिडकी केली होती. तिथे रांग लागली होती, भर उन्हात. भिंतीवर तांबड्या अक्षरांत मोठी जाहिरात रंगवली होती, आणि तिच्यात त्याचं नाव होतं. चांगुणा रात्रशाळेत चार अक्षरं शिकली होती. ती ओठ हलवत वाचत गेली आणि नावाशी थांबली.

"दादा, ही मानसं तुला बगाया पैकं देत्यात?"

"समद्या संघाला."

"मंग तुमाला कोन देतं?"

कानिफने जिमखान्याकडे नजर टाकली. तो म्हणाला, "तू हितंच बस. आलोच."

बोरुडे सर जिमखान्यात चुन्याची पोती मोजून घेत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोनदा 'अरेरे' म्हणाले आणि खिशात हात घातला.

"तसं न्हाई सर," कानिफ म्हणाला. "मला तुमचं पैसं नकोत. मी कामावर असतो तर रोज मिळाला असता. हितं आल्यापासून मी रोज राबतोय. सकाळी तीन तास, सांजच्याला तीन तास. तेवढ्या दिसांची मजुरी मागतोय. कामावर देतेत तेवढीच. जास्ती नको."

बोरुडे सरांनी दार लोटून घेतलं. "हळू बोल. हे तू दुसऱ्या कुणापुढं बोललास?"

"न्हाई."

"मग बोलूही नकोस. कबड्डी खेळण्याबद्दल पैसे घेतलेस की तू हौशी राहात नाहीस. धंदेवाईक ठरतोस. विद्यापीठाचा नियम आहे. घेतलेस तर कायमचा बाहेर."

"हौशी म्हंजी?"

"म्हणजे... हौस म्हणून खेळणारा."

"हौस तर हायच की सर," कानिफ म्हणाला. "पर पोट बी हाय."

सरांनी टोपी चढवली आणि त्याला घेऊन प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्य काही वाईट माणूस नव्हते. स्वातंत्र्याच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले, खादीचा सदरा घालणारे. दुष्काळ पडल्यापासून ते एकवेळ जेवत होते आणि अर्धा पगार निधीला देत होते, हे साऱ्या नगराला ठाऊक होतं. त्यांनी कानिफला खुर्चीवर बसवलं. असं कुणी विद्यार्थ्याला बसवत नसे. कानिफ बसला, पण त्याचा गुडघा हलतच राहिला.

"बाळ, हे पैसे कुणासाठी जमवतोय आपण?"

"दुष्काळासाठी."

"मग दुष्काळाच्या पैशातून तू तुझा वाटा मागतोस?"

"सर, दुष्काळ म्हंजी आमीच की."

प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तुझं दुःख खोटं नाही. पण मी पुढचं बघतो. आज तुला मजुरी दिली, उद्या कारखानदारांच्या गावचं एखादं कॉलेज तुझ्या दुप्पट देईल. परवा तिसरं कुणी. ज्याची तिजोरी मोठी त्याचा संघ मोठा. मग खेळ उरेल का? आणि तुझ्यासारख्या कोरड्या भागातल्या पोराला उभं तरी कोण करील?"

त्या बोलण्यात तथ्य होतं. कानिफलाही ते कळलं, आणि कळलं म्हणूनच तो जास्त अस्वस्थ झाला. तो म्हणाला, "सर, मांडववाल्याला पैसं मिळतेत. टँकरवाल्याला मिळतेत. पंचांना भत्ता हाय. ते समदे निधीतून घेत्यात न्हवं? त्यांचं काम न्हाई बिगडत पैशानं. आमचंच कसं बिगडतं?"

"कानिफ!" बोरुडे सर दबल्या आवाजात म्हणाले.

प्राचार्यांनी टेबलाच्या खणातून स्वतःचं पाकीट काढलं. "हे माझे. आईच्या डोळ्यासाठी ने. परत करू नकोस."

"मदत नको सर. मजुरी द्या."

"मजुरी मला देता येणार नाही."

"मंग रविवारी मला बी खेळता येनार न्हाई."

हे वाक्य तोंडातून गेल्यावर कानिफला स्वतःचंच नवल वाटलं. तो उठला, नमस्कार केला आणि बाहेर पडला.

कडुनिंबाखाली चांगुणा त्याची वाट बघत होती. त्याने झालं ते सांगितलं. आपल्या बोलण्याचं तिला कौतुक वाटेल असं कुठेतरी त्याच्या मनात होतं. तिचा चेहरा मात्र उतरत गेला.

"त्यांनी पैकं पुढं केलं आन् तू घेतलं न्हाई?"

"ती भीक झाली असती, चांगू."

"आईच्या डोळ्याला भीक आन् मजुरी कळती व्हय रं दादा?" तिचे डोळे भरून आले. "घ्यायचं हुतं की!"

ती जीपकडे चालायला लागली. कानिफ तिच्यामागून माळीवाड्याच्या स्टँडपर्यंत गेला, पण तिने मागे वळून बघितलं नाही. जीप हलताना तिने फक्त एवढं विचारलं, "आईला काय सांगू?"

"सोमवारी येतो म्हनाव. तिला डॉक्टरकडं न्यायला."

"कशाच्या जीवावर?"

जीप धुरळा उडवत गेली. कानिफ शहरभर भटकत राहिला. दिल्ली दरवाज्यापर्यंत गेला, परत फिरला, केडगावच्या रस्त्याला लागला, तिथूनही वळला. पाय दुखेनात आणि डोकंही थंड होईना. परत जाऊन प्राचार्यांचं पाकीट घ्यावं, पाया पडावं, असं मनात आलं. कॉलेजच्या फाटकाशी आला आणि तसाच पुढे गेला.

संध्याकाळी सरावाला तो उभा राहिला नाही, तेव्हा भीमा त्याला शोधत खोलीवर आला. भीमा संघाचा नायक. देवळाली प्रवऱ्याच्या बागायतदाराचा पोरगा, अंगाने भरलेला, मनाने मोकळा. आज तो तापला होता.

"सरांनी सांगितलं मला. कानिफ्या, संघाला दगा देतोस? बाकीचे सहा जनं तुझ्यावर अवलंबून हायेत. तुला पैसं लागत हुते तर मला बोलायचं हुतं. आईला आमच्या वस्तीवर आन. खाऊन-पिऊन ऱ्हाईल."

"तुमच्या वस्तीवर ऱ्हायलेली हाय ती," कानिफ म्हणाला.

"कवा?"

"मी सात वरसांचा आसंन. आई-बापू ऊस तोडाया आल्ते तुमच्याकडं. पाटाच्या कडंला, बाभळीखाली पाचटाची कोपी हुती आमची. तुझी आजी ताक द्यायची. तू सायकल शिकत हुतास बांधावर."

भीमा खाटेवर बसला. दोन वर्षं दोघं एका खोलीत राहात होते. "कदी बोलला न्हाईस."

"काय बोलायचं त्यात? तोडनीला आल्तो, मजुरी घेतली, गेलो. ताक आजून आठवतं. पर आई म्हनायची, ताक उपकाराचं, मजुरी हक्काची. दोन्हीत गोंधळ नको."

भीमा हळूच म्हणाला, "रविवारी आमच्या गावात बी सामनं हायेत. गोरखतात्या भरवतो, माझा चुलता. भारीतला चढाईवाला पैसं देऊन आनतो तो दर साली. एका दिसाचं इतकं देतो, की तुझी आई दोन महिनं बसून खाईल. तू जा. पर नाव दुसरं सांग. तात्या सांभाळून घेईल. हितं मी सांगतो, कानिफ आईकडं गेला म्हनून. कुनाला कळनार न्हाई. विद्यापीठात तुझी जागा ऱ्हाईल."

"आन् आपला सामना?"

"हरू," भीमा म्हणाला आणि तोंड फिरवून उठला. "आज न्हाई कळत मला, काय बरूबर हाय ते."

रविवारी पहिल्या एस.टी.ने कानिफ निघाला. राहुरी मागे पडली तशी दुतर्फा हिरवी पट्टी दिसायला लागली. पाटाला पाणी सुटलेलं होतं. महिन्यांमागून महिने धुरळा बघितलेल्या डोळ्यांना ते हिरवं जवळजवळ खुपलं. ह्याच जिल्ह्यात, ह्याच सालात, हेही होतं तर.

गोरक्षनाथ, म्हणजे गोरखतात्या, गळ्यात सोन्याची साखळी घालून मैदानाशी खुर्ची टाकून बसला होता. त्याने कानिफला जनावर पारखावं तसं पायापासून वर बघितलं. "भीमानं निरोप धाडलाय. तुझं नाव आजच्या दिवस रंगनाथ. राहुरीचा. आन् ऐक, पैसं मोजतोय मी. दोन चढाया वाया गेल्या तर बाहीर बसवीन. नगरसारखं लाड न्हाईत हितं."

संघातला एक पोरगा आपली बनियन काढून कानिफच्या हातात देऊन बाजूला जाऊन बसला. कानिफ येईपर्यंत चढाई त्याची होती. त्याने कानिफकडे एकदाही बघितलं नाही. बाकीचे गडीही बोलेनात. नगरच्या मैदानात उतरताना भीमा पाठीवर थाप मारायचा, सगळे मिळून आरोळी द्यायचे. इथे प्रत्येकजण आपापली माती तळहाताला चोळत होता. प्राचार्यांचं बोलणं कानिफच्या कानाशी घोंगावायला लागलं.

पहिली चढाई. तो रेषा ओलांडून गेला, पण समोरचे गडी नेहमीसारखे थिजले नाहीत. सगळं हलत होतं. ध्वनिक्षेपकावरून कुणी ओरडत होतं, "रंगनाथ! रंगनाथ राहुरीकर!" आणि कानिफला वाटे, कुणी दुसराच आत शिरलाय, आपण काठावरून बघतोय. डाव्या कोपऱ्याच्या गड्याने त्याचा घोटा धरला. दुसऱ्या चढाईत तो हात न लावताच परतला. तात्याने खुर्चीवरून थुंकून टाकलं. मध्यंतराला देवळालीचा संघ बराच मागे होता.

"तुला सांगितलं हुतं," तात्या म्हणाला. "बस बाहीर."

कानिफ बसला नाही. तो मांडवातून सरळ ध्वनिक्षेपकाशी गेला. तिथे एक शाळामास्तर बसले होते. कानिफ त्यांना म्हणाला, "मास्तर, नाव चुकलंय. रंगनाथ न्हाई. कानिफनाथ सहादेव. पाथर्डी तालुका. नगरच्या कॉलेजात शिकतो. असंच सांगा."

मास्तरांनी तात्याकडे बघितलं. तात्या धावत आला. "येडा का खुळा तू? नाव गेलं की कॉलेजातून गेलास!"

"जाऊ द्या. मी मजुरी घेतोय तात्या, चोरी करत न्हाई. चोरासारखं नाव बदलून मला पाय उचलंना. एक चढाई द्या मला. ती वाया गेली तर पैसं नका देऊ, येस्टीचं भाडं बी नका देऊ."

तात्या धंद्याचा माणूस होता. त्याने मैदानाकडे बघितलं, गर्दीकडे बघितलं. "एकच," तो म्हणाला.

ध्वनिक्षेपकावर त्याचं खरं नाव घुमलं. गर्दीत कुणीतरी म्हणालं, "आरं, ह्यो तर नगरचा कानिफ!" आणि लोक उठून पुढे सरकले. कानिफने रेषा ओलांडली. दम ओठांवर बसला, घट्ट, ओळखीचा. समोरचे सातही गडी आपापल्या जागी थिजले. तो उजवीकडे झुकला, डावीकडे गेला, एकाच्या खांद्याला बोट लावलं, दुसऱ्याच्या गुडघ्याला पाय, आणि तिसरा अंगावर आला तेव्हा त्याला घेऊनच मध्यरेषेवर पडला. तीन गडी बाद. मैदान उठलं.

त्यानंतर कुणी त्याला बाहेर बसवलं नाही. शेवटच्या मिनिटाला देवळालीने समोरचा अख्खा संघ बाद करून लोण चढवला आणि सामना काढला. तात्याने सगळ्यांपुढे त्याच्या हातात नोटा ठेवल्या. कानिफने त्या छातीशी धरल्या. लाज वाटेल असं त्याला वाटलं होतं, ती वाटली नाही. आनंदही झाला नाही म्हणावा तसा. बनियन काढून दिलेला पोरगा अजून तिथेच बसला होता. कानिफने बनियन त्याला परत केली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आमी बी वरीसभर घाम गाळला हुता." कानिफला ते वाक्य नोटांपेक्षा जड गेलं. त्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवायला उचलला आणि मागे घेतला.

सोमवारी तो तलावाच्या कामावर पोचला. साळूबाई पट्टी बांधून खडी फोडत होती. त्याने तिच्या हातातला हातोडा काढून घेतला.

"कशाचं पैसं?" तिने विचारलं.

"खेळाचं."

"खेळाचं देत्यात?" एका डोळ्याने ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि कितीतरी दिवसांनी हसली. "मंग आजवर बिनपैशाचंच पळत हुतास व्हय!"

चांगुणाने आपल्या डोक्यावरचं फडकं सोडून आईच्या डोक्यावर टाकलं, आणि तिघं जीपच्या वाटेला लागली.

डॉक्टरांनी कपरी काढली. डोळा गेला नाही, पण आधीसारखाही राहिला नाही. त्या डोळ्याने आईला माणूस ओळखू येई, सुईत दोरा ओवता येत नसे. चार दिवस आधी आणलं असतं तर, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा चांगुणाने भावाकडे बघितलं. कानिफने मान खाली घातली. प्राचार्यांनी पाकीट पुढे केलेला तो गुरुवार आणि हा सोमवार, मधले दिवस त्याला पुढे कितीतरी वर्षं टोचत राहिले.

इकडे कॉलेज पहिल्याच फेरीत हरलं होतं. कानिफ दिसेना म्हणून लोकांनी आरडाओरडा केला, काहींनी तिकिटाचे पैसे परत मागितले. आणि देवळालीची बातमी तर त्याच्या आधी नगरात पोचली होती. खरं नाव त्याने स्वतःच ध्वनिक्षेपकावर सांगितलं होतं, साक्षीदार शोधायची गरज नव्हती.

त्याला बोलावणं आलं. प्राचार्य आणि विद्यापीठाच्या क्रीडा मंडळाचे दोन सभासद बसले होते.

"पैसे घेतलेस?"

"घेतले."

"तरुण आहेस, चूक झाली असं म्हणालास तर एका वर्षाच्या बंदीवर भागेल," त्यांच्यातला एक म्हणाला.

कानिफने विचार केला. खरोखर केला. विद्यापीठाच्या संघाची जर्सी त्याने एकदा भीमाच्या हातात बघितली होती, त्याला ती आठवली. मग तो म्हणाला, "घरच्यांपुढं माझी चूक झाली, उशीर केला. खेळाचं म्हनाल तर चूक झाली न्हाई."

प्राचार्यांनी सही करताना मान वर केली नाही. कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या कोणत्याही सामन्यात त्याला पुन्हा उतरता येणार नव्हतं. शिकायला मात्र त्यांनी आडकाठी केली नाही. फी त्यांनीच भरली, हे कानिफला बऱ्याच उशिरा, दुसऱ्याकडून कळलं. तोवर परत करायची वेळ निघून गेली होती.

जूनमध्ये कॉलेज उघडलं. एका संध्याकाळी बोरुडे सर त्याच्या खोलीवर आले. आढेवेढे घेत बसले. मग म्हणाले, "नवीन पोरं आलीत. चढाई कशाशी खातात ठाऊक नाही. तू शिकवशील?"

"मला बंदी हाय, सर."

"खेळायला. शिकवायला नाही. नियम बघून आलोय मी. शिकवणाऱ्याला मानधनही देता येतं. कॉलेजच देईल, महिन्याचं."

"म्हंजी खेळलो तर पैसं घ्यायचं न्हाई. आन् पैसं घेतलं तर खेळायचं न्हाई, शिकवायचं."

"असंच आहे," सर म्हणाले. ओशाळले. "मी विद्यापीठाच्या बैठकीत विषय काढणार आहे. गड्याला निदान रोजचा भत्ता तरी."

सरांनी तो विषय त्या वर्षी काढला, पुढच्या वर्षीही काढला. दोन्ही वेळा तो पुढच्या बैठकीवर गेला.

कानिफ शिकवायला जाऊ लागला. घरी दरमहा पैसे जाऊ लागले, आई खडीवर परत बसली नाही. दिवाळीनंतर देवळालीला, आणखी दोन-चार गावांना तो खऱ्या नावाने खेळला. तिथला पैसा त्याने घेतला, आणि प्रत्येक वेळी आपण कुणाची जागा घेतली ते आधी विचारून ठेवलं, त्या पोराला चार डाव शिकवूनच परतला. भीमाची आणि त्याची दोस्ती टिकली, पण पूर्वीसारखी मोकळी राहिली नाही. दोघांनाही बोलताना शब्द जपून ठेवावे लागत.

पुढच्या हिवाळ्यात कॉलेजचा सामना होता तेव्हा कानिफने शिकवलेली पोरं मैदानात उतरली. नियमाप्रमाणे त्याला रेषेच्या आत पाय टाकायचा नव्हता, म्हणून बोरुडे सरांनी त्याच्यासाठी पहिल्या रांगेत खुर्ची ठेवली होती. खुर्ची रिकामीच राहिली. एक उंच, हडकुळा पोरगा चढाईला निघाला, आणि त्याचा पाय कुठे चुकणार हे कानिफला त्याच्या आधी दिसलं. गर्दीच्या मागून, लोकांच्या खांद्यांवरून मान उंचावत, तो मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझाऱ्या घालत राहिला, ओठ घट्ट मिटून, दम धरून.